आगमनकाळ : भुसावळच्या धर्मग्रामासाठी एक प्रस्तावना

कॅथलिक ख्रिस्तसभेचे उपासना वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. ३० नोव्हेंबर हा प्रेषित आंद्रियाचा सण, आणि त्याच्या सर्वांत जवळचा रविवार म्हणजे हा पहिला रविवार. त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांपैकी कोणत्याही तारखेला येतो. रविवार चार ठरलेले आहेत, आठवडे मात्र पूर्ण चार असतीलच असे नाही. २०२२ साली नाताळ रविवारी आला, म्हणून आगमनकाळ २८ दिवसांचा, म्हणजे सर्वांत मोठा झाला. पुढच्याच वर्षी नाताळ सोमवारी आला आणि हा काळ २२ दिवसांतच आटोपला. त्या वर्षी २४ डिसेंबरला सकाळी चौथ्या रविवारची मिस्सा आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा, असे दोन्ही एका दिवसात उरकावे लागले. उपासनेच्या हिशेबात रविवार आणि महासण आदल्या संध्याकाळीच सुरू होतात. म्हणून आगमनकाळ शनिवारच्या सायंप्रार्थनेने सुरू होतो आणि २४ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेपूर्वी संपतो.

या काळाकडे बहुतेक घरांत नाताळची पूर्वतयारी म्हणून पाहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पोप पॉल सहावे यांनी १९६९ मध्ये मंजूर केलेल्या उपासना वर्षाच्या नियमांत आगमनकाळाचे दोन हेतू सांगितले आहेत. एक, देवपुत्राच्या पहिल्या येण्याचे, म्हणजे बेथलेहेममधील जन्माचे स्मरण. दुसरा, काळाच्या शेवटी ख्रिस्त पुन्हा येईल त्या येण्याची वाट पाहणे. हे दोन हेतू दिनदर्शिकेतही वेगळे दिसतात. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचे लक्ष दुसऱ्या येण्याकडे अधिक असते. १७ ते २४ डिसेंबर हे दिवस थेट नाताळसाठी राखलेले आहेत. मिस्सातील आगमनकाळाचे प्रास्ताविकही १७ तारखेला बदलते. धर्मग्रामांच्या आयुष्यात मात्र पहिला भाग जवळजवळ गडप होतो. नोव्हेंबरच्या शेवटी नाताळ गीतांच्या तालमी सुरू होतात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तारे टांगले जातात आणि १५ तारखेला गोठाही तयार असतो. मग १७ तारखेला उपासना जे नवे पान उलटते ते कोणाच्या ध्यानात येत नाही. आगमनकाळाची आध्यात्मिक तयारी हा विषय समजून घ्यायचा तर या हरवलेल्या अर्ध्या भागापासून सुरुवात करावी लागते.

इतिहासात हा काळ एकाएकी आणि एकाच ठिकाणी तयार झाला नाही. ३८० साली स्पेनमधील सारागोसा येथील धर्मसभेने भाविकांना १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत रोज चर्चला येण्यास बजावले. (आजच्या नियमांतही १७ डिसेंबर हीच तारीख महत्त्वाची आहे, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.) पाचव्या शतकात गॉलमधील तूर येथील बिशप पर्पेच्युअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास ठरवून दिला. गॉलमध्ये भर तपावर आणि शेवटच्या न्यायावर राहिला. रोममध्ये तो जन्मोत्सवाच्या आनंदी अपेक्षेवर राहिला, आणि पोप ग्रेगरी पहिले यांच्या काळापर्यंत तेथे चार रविवारांची घडण रुळत गेली. मिलानच्या आंब्रोसियन विधीत आजही सहा रविवार पाळले जातात. आजच्या आगमनकाळात जांभळा रंग आणि आलेलुया एकत्र नांदतात ते या दोन परंपरांच्या मिसळणीमुळे. उपवासकाळात आलेलुया बंद असतो, आगमनकाळात तो चालू राहतो. गौरवगान मात्र रविवारी गायले जात नाही. बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायिलेले ते गान नाताळच्या मिस्सासाठी राखून ठेवलेले असते.

उपवास पुढे ओसरत गेला. १९१७ च्या धर्मकायद्यात नाताळच्या आदल्या दिवसाचा आणि संत लुसीच्या सणानंतरच्या बुधवार, शुक्रवार, शनिवारचा उपवास होता. १९८३ च्या कायद्यात संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी प्रायश्चित्ताचे दिवस म्हणून वर्षातील शुक्रवार आणि उपवासकाळ एवढेच उरले. म्हणजे आगमनकाळात शुक्रवार सोडले तर काहीही सक्तीचे नाही. ज्याला तयारी करायची आहे त्याने ती स्वतः ठरवून करायची. ही मोकळीक चांगली आहे, पण तिचा तोटाही उघड आहे. जे सक्तीचे नसते ते गर्दीच्या महिन्यात आधी सुटते.

लॅटिन विधीबाहेरच्या कॅथलिकांकडे या बाबतीत शिस्त अधिक टिकली आहे. केरळच्या सिरो-मलबार परंपरेत नाताळपूर्वीच्या काळाला मंगलवार्तेचा काळ म्हणतात, आणि १ डिसेंबरपासून नाताळपर्यंतचा पंचवीस दिवसांचा उपवास तेथील घराघरांत परिचित आहे. त्या दिवसांत मांस-मासे वर्ज्य असतात. महाराष्ट्रातील सिरो-मलबार भाविकांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा धर्मप्रांत स्थापन झाला. पण रेल्वे आणि रुग्णालयांच्या नोकऱ्यांमुळे गावोगाव पसरलेली मल्याळी कुटुंबे जिथे जवळचे चर्च असेल तिथेच जातात. लॅटिन धर्मग्रामातला शेजारी केक-फराळाच्या तयारीत असताना बाजूचे मल्याळी घर डिसेंबरभर मासळीला शिवत नाही, असे चित्र रेल्वेच्या गावांत दिसू शकते.

भुसावळ हे असेच गाव. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० च्या दशकात येथे पोहोचली. पुढे नागपूरकडे आणि खांडवा-इटारसीकडे जाणारे मार्ग येथून फुटले, आणि तापीकाठचे एक गाव जंक्शन झाले. आज ते मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे. शेजारी भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी आहेत, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे. रेल्वेने देशभरातून माणसे आणली. आंग्ल-भारतीय चालक आणि गार्ड, गोवेकर कारकून आणि बॅंडवाले, तमिळ आणि मल्याळी कर्मचारी हे रेल्वे वसाहतींचे ओळखीचे चेहरे. त्यांच्याबरोबर कॅथलिक उपासनाही या गावांत आली. अहिल्यानगर जिल्ह्यात १८७० च्या दशकापासून येशूसंघीय धर्मगुरूंनी खेड्यापाड्यांत काम केले आणि तेथे मराठी शेतकरी-शेतमजुरांचा कॅथलिक समाज उभा राहिला. खान्देशातील रेल्वेच्या गावांची घडण त्याहून वेगळी आहे. हे दोन्ही समाज आज एकाच धर्मप्रांतात आहेत. १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले. नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार असा त्याचा विस्तार. हरेगावच्या मतमाऊलीच्या सप्टेंबरमधील यात्रेला आणि नाशिकरोडच्या बाळ येशूच्या फेब्रुवारीतील यात्रेला लोटणारी गर्दी या धर्मप्रांताचा उत्सवी चेहरा दाखवते. आगमनकाळाला अशी यात्रा नाही. तो घरात आणि चर्चच्या बाकांवरच पाळला जातो.

भुसावळच्या डिसेंबरला स्वतःची घाई असते. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी नागपूरकडून मुंबईला जाणाऱ्या जादा गाड्या याच मार्गाने धावतात, आणि आगमनकाळाचे सुरुवातीचे दिवस रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या ताणाचे असतात. त्यातच सणांची दाटी. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण, १५५२ साली याच तारखेला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्यांचे निधन झाले. गोव्याशी नाळ असलेल्या घरांत त्यांची नोव्हेना २४ नोव्हेंबरपासूनच सुरू असते. ८ डिसेंबरला पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा महासण. या दिवशी वेदीवरचा जांभळा रंग बदलून पांढरा होतो. पण आगमनकाळाचे रविवार या सणांहूनही वरचे मानले जातात. २०२४ मध्ये ८ डिसेंबर रविवारी आला तेव्हा मरियेचा महासण सोमवारी ९ तारखेला नेला गेला. एवढ्या थोर सणाला एक दिवस थांबायला लावणारा हा काळ उपासनेच्या दृष्टीने किती वजनाचा आहे ते यावरून कळावे.

या काळाचा गाभा वाचनांत आहे. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, आणि मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने क्रमाने मध्यवर्ती असतात. वर्षे वेगळी असली तरी चार रविवारांचा क्रम तोच राहतो. पहिल्या रविवारी गोठा नाही, बाळ नाही, मरियाही नाही. असतो तो जगाच्या शेवटाविषयीचा इशारा. मत्तयात नोहाच्या काळाची आठवण येते. लोक खात होते, पीत होते, लग्ने लावत होते, आणि पूर आला तोवर त्यांना काहीच कळले नाही. शेतात दोघे असतील, त्यांतला एक घेतला जाईल. जात्यावर दोघी दळत असतील, त्यांतली एक मागे राहील. या उताऱ्यात कोणाच्या गंभीर पापाचा उल्लेख नाही. दोष आहे तो रोजच्या कामात इतके बुडून जाण्याचा की दुसरे काही दिसूच नये. मार्कात घराचा धनी परगावी गेला आहे आणि तो कोणत्या प्रहरी परतेल हे दारवानाला माहीत नाही. संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे, असे रात्रीचे चारही प्रहर तेथे मोजलेले आहेत. रेल्वेच्या रनिंग स्टाफच्या, म्हणजे गाडीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, घरांत हा उतारा समजावून सांगावा लागत नाही. ड्युटीचा कॉल केव्हा येईल ते ठाऊक नसते, म्हणून डबा, गणवेश आणि पिशवी तयार ठेवूनच झोपायचे असते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारवर योहान बाप्तिस्ताची छाया असते. यशयाने सांगितलेल्या अरण्यातल्या आवाजाशी या योहानाची सांगड सुवार्तिक घालतात. डोंगर खाली आणायचे आहेत, दऱ्या भरायच्या आहेत, वाट सरळ करायची आहे. नेहमीच्या प्रवचनात ही वाट मनाची मानून विषय तेथेच संपतो. लूकचे शुभवर्तमान तेथे थांबत नाही. तिसऱ्या वर्षीच्या तिसऱ्या रविवारी लोक योहानाला विचारतात की आम्ही नेमके काय करायचे, आणि तो नेमकेच सांगतो. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्याहून जास्त वसूल करू नये. शिपायांनी कोणाला धमकावून पैसे काढू नयेत आणि आपल्या पगारात भागवावे. त्याने कोणालाही नोकरी सोडायला सांगितले नाही. प्रत्येकाला त्याच्याच कामाच्या जागी, त्याच्याच नेहमीच्या मोहाविषयी सांगितले. आध्यात्मिक तयारीचा याहून व्यवहारी धडा आगमनकाळाच्या वाचनांत दुसरा नाही. भुसावळसारख्या नोकरदारांच्या धर्मग्रामात त्याचा अर्थ तिकीट तपासणीसाला वेगळा लागेल, भांडाराच्या कारकुनाला वेगळा, ठेकेदाराला वेगळा आणि घरकामाला बाई ठेवणाऱ्या कुटुंबाला वेगळा. प्रवचनात हे प्रश्न कामाच्या नावानिशी आले तर ते बोचतात, आणि योहानाला तेच अपेक्षित होते.

मत्तयाच्या वर्षी तिसऱ्या रविवारचा योहान मात्र तुरुंगात आहे. ज्याने येणाऱ्याची द्वाही फिरवली तोच आता शिष्यांकरवी विचारतो आहे की येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी. येशू सरळ होकार देत नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना शुभवार्ता सांगितली जाते, एवढे जाऊन सांगा म्हणतो. हा रविवार आनंदाचा रविवार म्हणून ओळखला जातो. वेदीवर गुलाबी वस्त्र चालते, फुले आणि वाद्ये थोडी मोकळी होतात. आनंदाच्या दिवशी तुरुंगातल्या शंकेखोर संदेष्ट्याची कथा वाचायला लावणाऱ्यांनी ही निवड विचारपूर्वक केली आहे. वाट पाहताना शंका येतेच, आणि ती आली म्हणून तयारी वाया गेली असे होत नाही, हे यातून दिसते. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या किंवा नोकरीच्या आशेवर वर्षे काढणाऱ्या घरांना या उताऱ्याइतके जवळचे वाचन वर्षभरात क्वचितच मिळते.

चौथ्या रविवारी कुठे जन्माची चाहूल येते. मत्तयात योसेफाचे स्वप्न, मार्कच्या वर्षी लूकातूनच घेतलेला गाब्रिएल दूताचा निरोप, आणि लूकच्या वर्षी मरियेने डोंगराळ भागात जाऊन एलिझाबेथची घेतलेली भेट. या कथांतल्या माणसांत योसेफ सर्वांत कमी बोलणारा. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो उठतो आणि सांगितले ते करतो, एवढेच त्याच्याविषयी लिहिले आहे.

रोजच्या मिस्सातील वाचनांत यशयाचा मोठा वाटा असतो. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारपासून शुभवर्तमान योहान बाप्तिस्ताकडे वळते आणि १७ डिसेंबरपासून जन्मकथेच्या आधीच्या घटनांकडे. १७ तारखेला येशूची वंशावळ वाचली जाते. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट आणि अपरिचित नावांची लांबलचक रांग असलेला हा उतारा वाचक घाईने उरकतात. तरी या रांगेत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको या चार स्त्रिया आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या वाट्याला बदनामी आली, काही परक्या जमातीतल्या होत्या. घराण्याच्या नोंदीत मत्तयाने त्यांना लपवले नाही. आपल्या कुळाविषयी फुशारकी मारणाऱ्या समाजात हा उतारा सावकाश आणि मोठ्याने वाचला पाहिजे. त्याच दिवशी सायंप्रार्थनेत सात प्राचीन संबोधनांची मालिका सुरू होते. २३ तारखेपर्यंत रोज एक, मरियेच्या स्तोत्राआधी, येणाऱ्या ख्रिस्ताला वेगळ्या नावाने हाक मारली जाते: ज्ञान, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा आणि इम्मानुएल. सायंप्रार्थना बहुतेक ठिकाणी मठांत आणि धर्मगुरूंपुरती राहिली असली, तरी ही सात नावे संध्याकाळच्या कौटुंबिक जपमाळेच्या शेवटी घेणे कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.

दिसणाऱ्या चिन्हांत सर्वांत रुळलेले म्हणजे आगमनकाळाचे हिरवे चक्र आणि त्यावरच्या चार मेणबत्त्या. सामान्यतः तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारसाठी एक गुलाबी. ही प्रथा प्राचीन आहे असा समज असला तरी ती तशी नाही, आणि मूळची कॅथलिकही नाही. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखेर्न या लुथरन पाळकाने आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजसाठी लहान लाल आणि रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या. नाताळला किती दिवस राहिले हे विचारून मुले भंडावून सोडत होती, त्यावरचा हा उपाय होता. विसाव्या शतकात जर्मनीतील कॅथलिक चर्चांनी तो उचलला आणि तेथून तो जगभर गेला. खान्देशात प्रोटेस्टंट मिशनांचे काम कॅथलिकांहून अधिक पसरलेले आहे. धुळे-नंदुरबारकडे स्कॅंडिनेव्हियन मिशनांच्या परंपरेतल्या मंडळ्या आहेत, भुसावळातही निरनिराळ्या पंथांची चर्चे आहेत. मेणबत्त्यांच्या या चक्रावर त्यांचाही तेवढाच हक्क आहे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगायला हरकत नाही. फर किंवा देवदारची फांदी खान्देशात मिळत नाही म्हणून प्लॅस्टिकची आणायची गरज नसते. अशोक किंवा आंब्याच्या डहाळ्यांनी काम भागते, दर आठवड्याला त्या बदलाव्या लागतात एवढेच.

गोठ्याची परंपरा अधिक जुनी. १२२३ च्या नाताळला संत फ्रान्सिस असिसीकर यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणी, बैल आणि गाढव आणून जन्मोत्सव साजरा केला. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी तेथेच गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली. गोठा आगमनकाळात उभारायला बंदी नाही. पण तो टप्प्याटप्प्याने भरावा ही जुनी रीत शहाणपणाची आहे: आधी रिकामी गव्हाणी आणि जनावरे, नंतर मरिया व योसेफ, बाळ नाताळच्या रात्री आणि मागी राजे जानेवारीत. स्पर्धांच्या नादात गोठा १५ तारखेलाच बाळासकट पूर्ण होतो आणि परीक्षक येऊन जातात. मुलांनी मग वाट कशाची पाहायची?

पापनिवेदन हा तयारीचा सर्वांत कठीण भाग. वर्षातून एकदा तरी गंभीर पापांचे निवेदन करावे असा धर्मकायद्याचा दंडक आहे, आणि बहुतेकांसाठी ते नाताळ किंवा ईस्टरच्या आधी घडते. धर्मग्रामांत साधारणपणे आगमनकाळात एक सामूहिक प्रायश्चित्त विधी ठेवतात. वाचन, आत्मपरीक्षण आणि पश्चात्तापाची प्रार्थना सर्वांनी मिळून, निवेदन मात्र प्रत्येकाने एकट्याने. यासाठी शेजारच्या धर्मग्रामांतून धर्मगुरू बोलवावे लागतात, आणि खान्देशात धर्मग्रामांमधली अंतरे मोठी असल्याने त्यांना गाडीचे वेळापत्रक पाहूनच तारीख द्यावी लागते. पाळीच्या नोकरीवाल्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्याची त्या संध्याकाळी ड्युटी असते त्याचे वर्षाचे निवेदन राहून जाते. एका मोठ्या विधीऐवजी सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन वेगवेगळ्या वेळा आधीच जाहीर करणारा धर्मग्राम आपल्या लोकांना अधिक ओळखतो असे म्हणावे लागेल. २३ आणि २४ तारखेची लांबलचक रांग कोणाच्याच उपयोगाची नसते. निवेदन करणाऱ्याला घाई असते, ऐकणाऱ्याला थकवा असतो.

दानधर्म हा तयारीचाच भाग. डिसेंबरात खान्देशची थंडी जाणवू लागते, आणि थंडीची लाट आली की जळगाव-भुसावळचे किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते. जंक्शनच्या परिसरात उघड्यावर रात्र काढणारे लोक या दिवसांत डोळ्यांपुढेच असतात. पांघरुणे नाताळच्या दिवशी वाटण्याचा प्रघात छायाचित्रांना सोयीचा असला, तरी थंडी २५ तारखेची वाट पाहत नाही. उपवासाबद्दलही थोडे. खान्देशात हा हंगाम भरिताचा, आणि वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी यांना शुक्रवारचे मांसवर्जन आडवे येत नाही. म्हणून येथे शुक्रवार पाळणे फारच सोपे आहे, आणि ज्यांना खरोखर काही सोडायचे आहे त्यांनी मांसापेक्षा मोबाइलचा किंवा पेल्याचा विचार करावा.

शहराबाहेर चित्र बदलते. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाबरोबर गुजरातकडे आणि पश्चिम महाराष्ट्राकडे निघून जातात. ख्रिस्ती कुटुंबेही त्यांत असतात. त्यांचा आगमनकाळ उसाच्या फडाशेजारच्या कोपीत जातो, आणि रविवारची सुट्टी त्यांना नसते. दूरच्या वस्त्यांत मिस्साही दर रविवारी होत नाही. अशा ठिकाणी चार मेणबत्त्यांची शहरी योजना चालत नाही. निघण्यापूर्वी हाती दिलेली चार उताऱ्यांची एक घडीपत्रिका, आणि ती वाचून दाखवू शकेल असा टोळीतला एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी, एवढ्यावर तेथे काम चालू शकते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली, त्यामुळे हे वाचन मराठीत उपलब्ध आहे. १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेल्या ‘निरोप्या’पासून वसईच्या ‘सुवार्ते’पर्यंत मराठी कॅथलिक नियतकालिकांची परंपराही हाताशी आहे. कमी पडते ते साहित्य घराघरांत पोहोचवणे.

राहिला प्रश्न उत्सवाचा. नाताळ गीते, स्नेहसंमेलने, गोठ्यांच्या स्पर्धा आणि सांताक्लॉजचे कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ढकलले जातात, कारण २५ तारखेनंतर लोक गावी जातात आणि शाळांना सुट्टी लागते, असे कारण दिले जाते. शाळांपुरते ते पटते. धर्मग्रामाला ते लागू करण्याचे कारण नाही. उपासनेच्या दिनदर्शिकेत नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालतो. भारतात प्रकटीकरणाचा सण त्याच काळातल्या रविवारी येतो. भुसावळच्या धर्मग्रामाने आपले नाताळ गीतांचे फेरे आणि संमेलने या दोन-अडीच आठवड्यांत घ्यावीत, आणि १६ डिसेंबरपर्यंतचे दिवस योहान बाप्तिस्तासाठी मोकळे सोडावेत.